चार बोटं सैल

कात्रीबाईंनी त्या शनिवारी सकाळी दोन्ही हात गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवले आणि मनाशी ठरवून टाकलं, आज रात्रीची गोळी घ्यायची नाही. झालं तेवढं पुरे.

ठरवलं ते कुणाला सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर मास्तरांनी तोंड पाडलं असतं आणि वन्संनी भाषण ठोकलं असतं. बोटं लाकडासारखी ताठलेली असताना सकाळी सकाळी भाषण ऐकायची ताकद कुणाच्या अंगात असते?

मास्तर म्हणजे बाईंचा नवरा. खाली रस्त्याला लागून दोघांचं शिवणकामाचं दुकान, वर राहायच्या खोल्या. वन्सं म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, नोकरीतून निवृत्त होऊन भावाकडे राहायला आलेली आणि आल्या दिवसापासून घराची व्यवस्थापक झालेली. राहता राहिल्या कात्रीबाई. हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, गल्लीनं पाडलेलं. निम्म्या गल्लीनं ते पाडलं त्यांच्या हातातल्या कात्रीमुळे आणि उरलेल्या निम्म्या गल्लीनं त्यांच्या जिभेमुळे. दोन्ही बाजूंचं म्हणणं बरोबर होतं.

दुकानात कामाची वाटणी लग्नापासून ठरलेली. कापायचं बाईंनी, शिवायचं मास्तरांनी. "ही तोडते, मी जोडतो," असं मास्तर नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. विनोद जुनाच, पण गिऱ्हाईक नवं असल्यामुळे खपून जायचा.

आता बाईंची कापण्याची रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्या रीतीनंच घातला. अंगाचं माप त्या टेपनं घेत, ते सगळेच घेतात. पण नुसत्या अंगाच्या मापाचा कोट घातला तर माणूस हात वर करणार कसा, वाकणार कसा, पोट धरून हसणार कसा? त्यासाठी कापड थोडं सैल सोडावं लागतं. इतर कटर तेही टेपनं मोजतात. कात्रीबाई बोटांनी मोजत. मापाच्या रेघेला लागून डाव्या हाताची चार बोटं सपाट ठेवायची, त्यांच्या पलीकडे खडूनं दुसरी रेघ मारायची, ती शिलाईची, आणि तिच्याबाहेर शिवणीपुरतं कापड सोडून कात्री चालवायची. त्यांच्या वडिलांनी शिकवलेली रीत. "टेप अंगाचं माप घेते गं पोरी, श्वासाचं माप बोटांनी घ्यायचं," असं ते म्हणत. आणि खरंच, त्यांच्या दुकानचा कोट घातला की माणसाला कोट घातल्याचा विसर पडायचा. जुनी गिऱ्हाइकं तर मध्ये एकदा घालून बघायलाही येत नसत. कापड टाकायचं आणि तयार कोट न्यायचा, इतका विश्वास.

मग दुखणं आलं. म्हणतात ना, येताना हत्तीच्या पावलानं येतं आणि जाताना मुंगीच्या, पण हे आलं तेही मुंगीच्याच पावलानं. आधी एक बोट सुजलं. मशीनचा पट्टा लागला असेल म्हणून सोडून दिलं. मग दुसरं, मग मनगट, मग पायाचे चवडे. सकाळी उठलं की हात उघडायचे नाहीत आणि उघडले तर मिटायचे नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथं मूठच झाकेना. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि आमवात म्हणून सांगितलं. "तुमच्या शरीराचा राखणदारच घरच्या माणसांना चोर समजायला लागलाय," त्या म्हणाल्या. "म्हणून सांध्यांना सूज येते. मुळासकट जाणारा आजार नाही हा, पण त्याला आवरता येतं."

"म्हणजे कुत्रं पिसाळलंय म्हणा की," वन्सं मध्येच बोलल्या. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "पिसाळलं नाही हो, गोंधळलंय," त्या म्हणाल्या.

त्या गोंधळलेल्याला आवरण्यासाठी गोळी होती. आठवड्यातून एकदाच घ्यायची, शनिवारी रात्री. आणि घेतली की रविवार गेला. दिवसभर पोटात ढवळायचं, तोंडाला चव नाही, डोकं जड, कुणी भांडं आपटलं तरी रडू यायचं. म्हणून घरानं सगळा आठवडाच त्या गोळीभोवती नव्यानं बेतून घेतला. रविवारी दुकान बंद. सकाळचं कापणंही बंद, कारण बोटं दुपारशिवाय ऐकत नसत. दुपारी जेवण झालं की बाई टेबलाशी यायच्या, तेही उंच स्टुलावर बसून. उभ्यानं कापण्याचा जन्माचा हट्ट त्यांनी सोडला, पण सोडताना स्टुलाला चार शिव्या घातल्या.

वन्संनी तर घराचा नकाशाच बदलला. नळाची गोल मूठ काढून दांड्याचा नळ बसवून घेतला, म्हणजे मनगटानं ढकलला की झालं. बरण्यांची झाकणं रात्रीच सैल करून ठेवायची. किल्लीच्या कड्यात चमच्याचा दांडा अडकवून ठेवला, तो फिरवला की कुलूप उघडतं. कात्रीच्या मुठींना मास्तरांनी जुन्या ब्लँकेटच्या पट्ट्या गुंडाळून दिल्या. आणि बाईंची वेणी मास्तर घालायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी ती इतकी पक्की घातली की बाईंच्या भुवया वर गेल्या.

"अहो, केस आहेत, कोटाची बाही नाही!"

"सुटायला नको म्हणून जरा..."

"जरा? मला डोळे मिटता येईनात!"

महिनाभरात मास्तरांचा हात बसला. कधीकधी बाईंना वाटायचं, एवढ्या वर्षांत या माणसानं आपल्या केसांना कधी हात लावला नव्हता, त्यासाठी आजारी पडावं लागलं. बरंही वाटायचं आणि डोळेही भरायचे. बोलायच्या मात्र दुसरंच. "उद्या जरा डावीकडून भांग पाडा."

तर असं सगळं चाललेलं असताना गोळी सोडायचं का ठरवलं? कारण एवढं सगळं करून उपयोग काय, हेच त्यांना दिसेना. ऋतू बदलून गेला तरी सकाळचं घमेलं सुटलं नव्हतं. डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट दाखवून म्हणायच्या, "सूज कमी होतेय बघा." बाई मनात म्हणायच्या, कागदाची होत असेल. आणि रविवारमागून रविवार अंथरुणात चालले होते. आजार परवडला पण औषध नको, अशी गत.

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी बजावली होती. "सूज उतरते. पण सूज अंगावर काढत राहिलात तर बोटं वाकडी होतात, आणि एकदा वाकडं झालेलं बोट सरळ होत नाही. म्हणून कंटाळा आला तरी थांबायचं नाही." ते वाक्य बाईंच्या डोक्यात घर करून बसलं होतं. वाकड्या बोटांची कात्रीबाई कशी असेल, याची त्यांना मनापासून भीती वाटायची. पण भीतीसुद्धा रोज रोज खाऊन शिळी होते. त्या शनिवारी घमेल्यात हात घालून बसल्या असताना त्यांना वाटलं, वाकडी व्हायची ती होणारच, मग निदान रविवार तरी सरळ जाऊ दे. सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचंच होतं. तिथं तोंडावर सांगायचं, बंद करा हे.

ठरवल्यावर त्यांना हलकं वाटायला हवं होतं. ते काही वाटलं नाही.

दुपारी भोंगेवाले आले. हे गृहस्थ एका वाद्यवृंदात ते अवाढव्य पितळी वाद्य वाजवायचे, वाजवणाऱ्याच्या अंगाला विळखा घालून बसतं ते. रविवारी संध्याकाळी त्यांचा मोठा कार्यक्रम होता आणि त्यासाठी काळा कोट शिवायला टाकला होता. जुनं गिऱ्हाईक, गावोगाव फिरणारा माणूस, त्यामुळे मध्ये घालून बघायला वगैरे आलेच नव्हते. कोट तयार होऊन खुंटीवर लटकत होता.

"घालून तर बघा," मास्तर म्हणाले, तेही उगाच, रीत म्हणून.

भोंगेवाल्यांनी कोट घातला. आरशासमोर उभे राहिले. बटणं लावताना जरा पोट आत घ्यावं लागलं, पण लागली. "झकास!" ते म्हणाले. मग वादक माणूस, खोड ती जाणार कुठं, त्यांनी दोन्ही हात वाद्य धरल्यासारखे वर केले आणि वाजवायच्या आधी घेतात तसा छाती भरून श्वास घेतला.

टप्प करून मधलं बटण उडालं. ते आरशावर आपटलं आणि तिथून सुटलं ते थेट वन्संच्या चहाच्या कपात. पाठीच्या शिवणीतूनही कर्र असा आवाज आला.

"अगंबाई!" वन्संनी कप लांब धरला. "हा कोट आहे की गोफण?"

भोंगेवाले श्वास तसाच धरून उभे. सोडावा तर अब्रू जाते आणि धरावा तर जीव जातो, अशी त्यांची अवस्था. शेवटी सोडला आणि फार सभ्यपणे म्हणाले, "मीच जरा वाढलो असेन. प्रवासात जेवणाला धरबंध राहत नाही."

"माप गेल्याच महिन्यात घेतलंय तुमचं," बाई म्हणाल्या. "वाढायला तुम्ही काय भोपळा आहात?"

पण आवाजात नेहमीची धार नव्हती. त्यांनी स्टुलावर बसूनच हात लांब केला, कोटाची कड चाचपली, बटणपट्टी ओढून बघितली. कोट घट्ट होता. साधा नव्हे, चांगलाच घट्ट. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातचा कोट कुणाला घट्ट झाला नव्हता. दुखणाऱ्या हातांवर त्यांनी अजून एकच भरवसा ठेवला होता, की दुखतात, कुरकुरतात, पण चुकत नाहीत. आज तोही गेला.

"तुम्ही तासाभरानं या," त्या भोंगेवाल्यांना म्हणाल्या. "काहीतरी करतो आम्ही."

ते गेले. बाईंनी कोट टेबलावर पसरला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "संपलं. हात गेला माझा."

"असं काय बोलतेस..." मास्तर म्हणाले.

"मग कसं बोलू? शाळेच्या मुख्याध्यापिका बाई गेल्या महिन्यात म्हणाल्या, कोट जरा आवळतो. मी त्यांना म्हटलं, तुम्ही अंगानं भरलात. बिचारीनं रात्रीचं जेवण सोडलं! माझं चुकलं आणि उपाशी त्या! आता लक्षात येतंय माझ्या. मला बोटंसुद्धा नीट ठेवता येईनात. अहो, मी आज गोळी घेणार नव्हते, तुम्हाला सांगते. ठरवलंच होतं सकाळी. आता तर विचारूच नका. कशासाठी घ्यायची? कापता येत नाही तर हात सरळ ठेवून करू काय, नमस्कार?"

हे बोलता बोलता त्यांना रडू फुटलं. खोटं कशाला बोला, चांगलं हुंदके देऊन रडल्या. वन्सं जागच्या उठल्या, भाषण करायला तोंड उघडलं आणि चक्क तसंच मिटलं. असं यापूर्वी कधी घडलं नव्हतं.

मास्तर टेबलाच्या पलीकडे उभे होते. त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

"तुझं नाही चुकलं," ते म्हणाले. "मी आत घेतलाय."

"काय आत घेतलाय?"

"कोट. दोन्ही बाजूंनी. तू रेघ मारतेस तिच्या आतून शिवला मी."

बाईंनी डोळे पुसले. "का?"

आता मास्तरांना पळायला वाट नव्हती. सगळं सांगावं लागलं. दुखणं सुरू झालं त्याच सुमाराला एक कोट सैल झाला होता. नंतर आणखी एक. गिऱ्हाइकांनी बाई वर झोपल्या असताना मास्तरांना हळूच सांगितलं होतं, कोट अंगात लोंबतो म्हणून. मास्तरांनी कापलेले तुकडे मोजून बघितले तेव्हा कळलं, बाई चार बोटं ठेवून कापतात आणि बोटंच सुजून जाड झालीत. चार बोटं म्हणून जेवढं कापड सुटायचं, त्यापेक्षा जास्त सुटत होतं. मास्तरांनी ते जास्तीचं शिवताना आत घ्यायला सुरुवात केली. तेव्हापासून प्रत्येक कपड्याला तेवढंच आत. कोट लोंबतो अशी तक्रार पुन्हा कुणाची आली नाही. ना बोभाटा ना काही.

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू त्या दिवशी बरणीचं झाकण उघडलं नाही म्हणून रडली होतीस. मला सांगवेना."

कात्रीबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या चवड्यांनाही तेवढ्यापुरता आजाराचा विसर पडला असावा. "म्हणजे इतके महिने मी चुकीचं कापत होते आणि तुम्ही पाठीमागून निस्तरत होतात? मी इथं बसून तोरा मिरवतेय, माझे हात दुखतात पण चुकत नाहीत, आणि तुम्ही तिकडे तोंड करून आत टिपा मारताय? वन्सं, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला?" वन्सं म्हणाल्या. "मला ठाऊक असतं तर गल्लीत कुणाला ठाऊक नसतं?"

हे खरं होतं, त्यामुळे वन्सं सुटल्या. मास्तर नाही सुटले. बाईंनी त्यांना धारेवर धरलं. माणूस आजारी पडलं म्हणून बिनडोक होत नाही. लपवाछपवी म्हणजे प्रेम नव्हे. आणि कापणाऱ्याला त्याची चूक सांगायची नाही म्हणजे त्याला दुकानातून उठवून देव्हाऱ्यात बसवल्यासारखं आहे, पूजा करा आणि काम काढून घ्या. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. बाईंना राग आला होता आणि रागाखाली फार वाईट वाटत होतं, आणि त्याच्याही खाली, हा माणूस महिनोन्‌महिने एकटा ही चूक पोटात घेऊन बसला याची माया वाटत होती. ती त्यांनी तूर्तास दाखवली नाही.

शेवटी मास्तर म्हणाले, "माझं चुकलं, कबूल. पण मला एक कळत नाही. मी नेहमी घेतो तेवढंच आत घेतलं. सुरुवातीला तेवढं घेतलं की कोट बरोबर बसायचा. मग आता घट्ट कसा झाला?"

बाईंनी झटकन मान वर केली.

"परत बोला," बाई म्हणाल्या.

"नेहमीएवढंच आत घेतलं. मग घट्ट कसा झाला?"

बाईंनी आपला डावा हात उचलून डोळ्यांसमोर धरला. उलटा केला, सुलटा केला. रोज बघतात तोच हात. घरातलं मूल रोज बघणाऱ्याला वाढताना दिसत नाही, तसंच काहीसं असणार. पण आता नीट बघितलं तर मधल्या बोटाच्या सांध्यावर कातडीच्या घड्या पडल्या होत्या. मध्यंतरी तिथं घडी नव्हती, कातडी फुग्यासारखी तुळतुळीत ताणलेली होती. त्यांना आठवलं, ते तुळतुळीत बोट बघायची त्यांना किळस यायची.

"आत घेतलेलं कापड कापून टाकलंत की आहे?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आहे. दुमडून ठेवलंय. कापून टाकायचा धीर नव्हता मला."

"उसवा."

मास्तरांनी भराभर दोन्ही बाजू उसवल्या. आतून बाईंच्या खडूची रेघ निघाली, पुसट पण सलग. मास्तरांची शिलाई तिच्या बरीच आत होती. बाईंनी रेघेवर बोट ठेवलं. "इथून शिवा. माझ्या रेघेवरून. दोराभरसुद्धा आत नको."

मशीन खडखडायला लागलं. बाई स्टुलावर बसून राहिल्या आणि वन्सं त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला आणि एकेक बोट जपून दाबून बघितलं, बाजारात भाजी बघतात तसं.

"दुखतं?"

"दुखतं की. पण पूर्वी तुम्ही एवढं दाबलं असतंत तर मी तुम्हाला चावले असते."

भोंगेवाले तासाभरानं आले ते घाबरतच. कोट घातला. बटणं लावली, यावेळी पोट आत न घेता. मास्तरांनी त्यांना हात वर करायला सांगितलं. वन्संनी आधी आपला कप उचलून शेल्फावर ठेवला. भोंगेवाल्यांनी श्वास घेतला, आधी बेताबेतानं, मग आणखी, मग छाती भरून, आणि गाल फुगवून तोंडानंच असा काही भोंगा वाजवला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. बटणं जागच्या जागी होती.

"याला म्हणतात कोट!" ते म्हणाले. "काय जादू केलीत तासाभरात?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "यांची शिलाई काढली, माझी रेघ ठेवली." आणि हसताना पुन्हा रडायला लागल्या. भोंगेवाले बिचारे गोंधळले. आपण फार मोठ्यानं वाजवलं की काय, असं वाटून त्यांनी माफीही मागितली.

संध्याकाळी जेवण झाल्यावर बाईंनीच गोळ्यांची डबी मागितली. मास्तरांनी ती उघडून दिली. बाईंनी गोळी तळहातावर घेतली आणि तिच्याकडे बघून म्हणाल्या, "मेली तू. काम करतेयस तर जरा सांगायचं तरी ना!" पाण्याबरोबर ती गिळली. मग मास्तरांकडे वळल्या. "उद्या मला ओकाऱ्या येतील. मी चिडचिड करीन. तुम्हाला वाट्टेल ते बोलेन."

"बोल की," मास्तर म्हणाले. "मला त्याची सवय लग्नापासून आहे."

रविवार व्हायचा तसाच वाईट झाला. औषध काम करतंय हे कळल्यानं मळमळ काही थांबत नाही. पण बाई अंथरुणात पडल्या पडल्या हात वर धरून बोटं मोजत होत्या, आणि वन्सं दर थोड्या वेळानं डोकावून "आहेत ना जागेवर?" असं विचारत होत्या.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट हातात घेतला आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "सूज उतरतेय बरं का."

"ठाऊक आहे," कात्रीबाई म्हणाल्या. "कोट घट्ट झाला."

मग सगळी हकीकत सांगावी लागली. डॉक्टरीणबाई हसल्या, बटण चहात पडलं तिथं तर टेबलावर डोकं टेकून हसल्या. आणि मग गंभीर झाल्या. "गोळी सोडणार होतात हे मात्र मला आधी सांगायचं होतंत. पोटात ढवळतं त्यावर उपाय आहेत. आपण गोळीच्या ऐवजी इंजेक्शन देऊन बघू, पुष्कळांना त्याचा त्रास कमी होतो. मुकाट्यानं सोसायचं नाही आणि मुकाट्यानं सोडायचंही नाही."

"हेच मी यांना सांगत होते," बाई मास्तरांकडे बोट दाखवून म्हणाल्या. मास्तरांनी छताकडे बघितलं.

"आणि अजून एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे असं कमी-जास्त होत राहणार. आज उतरलेली सूज एखाद्या महिन्यात पुन्हा थोडी चढेल. तेव्हा हातपाय गाळायचे नाहीत. इकडे यायचं, आपण औषध जुळवून घेऊ."

परत येताना बाई वाटभर बोटं उघडत मिटत होत्या. कायमची बरी होणार नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, पण आज ते आत उतरलं. बोटं पुन्हा जाड होतील, पुन्हा बारीक होतील, आणि मेली विचारून काही होणार नाहीत. मग कापायचं कसं? चार बोटांचा भरवसा कुणी द्यायचा? टेपनं कापायचं तर आयुष्यभराची रीत सोडायची, आणि त्यांना ती सोडायची नव्हती. हट्ट म्हणा, जित्याची खोड म्हणा. घर आलं तरी उत्तर मिळालं नव्हतं.

मुख्याध्यापिका बाईंचा कोट त्या आठवड्यात सैल करून झाला. कात्रीबाईंनी तो स्वतः नेऊन दिला आणि माफी मागून सांगितलं, "वाढला नव्हतात तुम्ही. आमचं चुकलं. आजपासून रात्री पोटभर जेवा." मुख्याध्यापिकांनी लगेच दुसऱ्या कोटाचं कापड दिलं. राखी रंगाचं, दमदार.

ते कापड दुपारी टेबलावर पसरलं. अंगाच्या मापाची पहिली रेघ मारून झाली. मास्तर मशीनवर बसायला निघाले होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "अहो, इकडे या. टेप घेऊन या."

"टेप? तुला?"

"या म्हणते ना."

मास्तर टेप घेऊन आले. बाईंनी डावा हात कापडावर ठेवला, चार बोटं सपाट जुळवून. साऱ्या जगाचं माप घेतलं होतं त्यांनी, दंड, छात्या, पोटं, गळे, पण स्वतःचा हात असा टेपखाली कधी दिला नव्हता. जरा लाज वाटली. गिऱ्हाइकं का अंग चोरून उभी राहतात, ते त्यांना पहिल्यांदाच कळलं.

"घ्या माप," त्या म्हणाल्या. "आजपासून प्रत्येक कापणीच्या आधी घ्यायचं. आणि जे असेल ते तोंडावर सांगायचं."

मास्तरांनी टेप बोटांवरून आडवी धरली. चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा धरली. त्यांचे ओठ काहीतरी गोड बोलण्यासाठी हललेले बाईंना स्पष्ट दिसले. त्या नुसत्या बघत राहिल्या. मास्तरांनी ओठ मिटले आणि टेपवरचा आकडा वाचला.

"भोंगेवाल्यांच्या कोटाला चार बोटं म्हणून जेवढं सोडलं होतंस," ते म्हणाले, "त्यापेक्षा आज दोराभर जास्त भरतंय."

बाईंनी हाताकडे बघितलं. सकाळी मनगट जरा जड वाटलं होतं खरं.

"असू दे," त्या म्हणाल्या. त्यांनी खडू उचलला, दुसरी रेघ दोराभर आत मारली आणि कात्री चालवायला सुरुवात केली.